कागद आयला

माझं लग्न होऊन मी जासईहून शिरवण्यात आले तेव्हा आमच्या नातेवाइकांत सगळे म्हणाले, पोरीने नशीब काढलं. सासऱ्यांची भातशेती शहर वसवताना संपादनात गेली होती, पण तिच्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेत मिळालेल्या प्लॉटवर त्यांनी चार मजली इमारत उभी केली होती. खाली दुकानांचे गाळे, मधल्या मजल्यांवर एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांना भाड्याने दिलेल्या खोल्या, सगळ्यात वर आम्ही. माझा नवरा एकुलता एक. तो तुर्भ्याच्या बाजूला एका कंपनीत प्रॉडक्शन सुपरवायझर होता. मी नेरूळ स्टेशनजवळच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेण्याचं आणि तपासण्याचं काम करायचे, अजूनही करते.

आमची मुलगी झाली त्याच वर्षी त्याच्या कंपनीने युनिट गुजरातेत हलवलं. बरीच शोधाशोध केली, पण मिळणारी नोकरी म्हणजे कंत्राटी, आणि पगार आधीच्या निम्मा. सासरे म्हणायचे, "कशाला वणवण करतस? भाडी हायत ना आपली. ती बग." सासऱ्यांना ते मनापासून वाटायचं. पण माझ्या नवऱ्याला ते बोचायचं. गावातले त्याच्या वयाचे अर्धेअधिक पुरुष सकाळी गावदेवीच्या ओट्यावर बसायचे, दुपारी जेवायला घरी यायचे, संध्याकाळी परत ओट्यावर. तो मला म्हणाला, "मी त्या लायनीत बसलो ना, तर तिथून परत उठणार नाय."

मग वाशीच्या एका कन्सल्टंटचं ऑफिस सापडलं. मीही सोबत गेले होते, मांडीवर मुलगी. तिथला माणूस बोलायला गोड होता. त्याने भिंतीवरच्या कॅनडाच्या नकाशावर मधल्या भागात बोट ठेवलं आणि म्हणाला, "मोठ्या शहरांत सगळेच जातात. तुम्ही इथे जा. इथे जमीन आहे, काम आहे, माणसं नाहीत. दीड वर्ष शिका, मग तिथेच काम करा. प्रांताला तुमची गरज वाटली की प्रांतच तुमचं नाव केंद्राकडे पाठवतो. त्याला नॉमिनेशन म्हणतात. ते मिळालं की कायमच्या वास्तव्याचं काम जवळजवळ झालंच."

मला ते आवडलं होतं, हे मी लपवत नाही. आमच्या घराण्यात सरकारने कुणाचं नाव घेतलं ते फक्त जमिनीच्या नोटिशीत. इथे एक सरकार म्हणणार होतं, हा माणूस आम्हाला हवा आहे. येताना आम्ही सानपाड्याला उतरून उसाचा रस प्यायलो आणि मुलीला कुठल्या शाळेत घालायचं यावर बोललो. तिथल्या शाळेत.

मुलगी दीड वर्षाची असताना तो गेला.

रोज सकाळी सात वाजता त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. त्याच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असायची. मी एका हाताने डबा भरायचे, दुसऱ्या हाताने फोन मुलीपुढे धरायचे. त्याने आम्हाला बर्फ दाखवला, मग महिनोन् महिने बर्फच दाखवला. ज्या गावात तो राहत होता तिथे एक मोठा रस्ता होता, रस्त्याकडेला पेट्रोल पंप, आणि पंपाला लागून एक रेस्टॉरंट. बाकी सगळी शेतं. घरी ज्याने कधी चहा करून प्यायला नव्हता, तो त्या रेस्टॉरंटमध्ये आधी भांडी घासायला लागला, मग तळणीवर आला, शिक्षण संपून वर्क परमिट मिळालं तेव्हा किचन सुपरवायझर झाला. पांढरा ॲप्रन घालून त्याने फोटो पाठवला तो सासऱ्यांनी ओट्यावर सगळ्यांना दाखवला. "सुपरवायजरच हाय तिकडं पन," म्हणाले.

रेस्टॉरंटच्या मालकाने शब्द दिला होता की प्रांताकडे तुझी शिफारस मी करतो. सहा महिने कामाचे पूर्ण होऊ देत. ते झाले. मग म्हणाला, सीझन संपू दे. मग म्हणाला, माझा अकाउंटंट सुट्टीवर आहे. नवरा घायकुतीला येऊन बोलायचा नाही. ज्याच्या हातात आपला कागद, त्याच्याशी कुणी वाकडं बोलत नाही. जादा तास लागले तर तो थांबायचा, दुसऱ्या कुणाची सुट्टी भरायचा, मालकाच्या घरासमोरचा बर्फसुद्धा काढून द्यायचा. मला म्हणायचा, "तू पासपोर्ट काढून ठेव दोघींचा. ऐनवेळी धावपळ नको."

मी काढून ठेवले.

एके सकाळी फोन आला तेव्हा स्क्रीनवर त्याचा चेहरा नव्हता, छत होतं. मी म्हटलं, "अरे, कॅमेरा नीट धर, ती तुला शोधतेय."

"तिला आईकडे दे जरा."

मी मुलीला सासूबाईंकडे दिलं आणि गॅलरीत गेले. तो म्हणाला, "बंद झालं."

"काय बंद झालं?"

"नॉमिनेशन. म्हणजे तसं बंद नाय. केंद्राने प्रांतांचा कोटाच कापला. आता प्रांत म्हणतो, आम्हाला आधी नर्स पाहिजेत, सुतार पाहिजेत, शेतीवाले पाहिजेत. हॉटेलवाल्यांना वेगळी मर्यादा घातलीय. ठरावीक वेळेला खिडकी उघडणार, तेवढी नावं भरली की बंद. पहिली खिडकी उघडली आणि लगेच भरली. मालकाने फाइल टाकलीच नव्हती."

"मग पुढच्या वेळी टाकेल."

"पुढच्या वेळेपर्यंत माझं परमिट नाय राहणार. ते वाढत नाय."

मला पहिल्यांदा समजलंच नाही. मी विचारत राहिले, दुसरा प्रांत, दुसरा मालक, दुसरं काम. तो एकेकाला नाही म्हणत गेला. दुसरे प्रांत आपल्याकडे आधीच काम करणाऱ्यांनाच घेत होते. शेवटी म्हणाला, "मी चार वर्षं इथे काढली ती याच प्रांतासाठी काढली ना." मग एवढंच, की बाबांना सांगू नको.

सासऱ्यांची बायपास होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी सांगितलं नाही. पण सासूबाईंपासून काही लपत नाही. फोनवर मुलाचा आवाज ऐकूनच त्यांनी ओळखलं आणि मला स्वयंपाकघरात अडवलं. मी जेवढं मला कळलं होतं तेवढं सांगितलं. त्या गॅसजवळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "मंग येऊ दे ना घरी. कया रवतं थय?"

त्याने घरी यायचं नाही असं ठरवलं होतं. परमिट संपायच्या आत त्याने व्हिजिटर म्हणून राहण्यासाठी अर्ज केला. व्हिजिटरला काम करता येत नाही. तो काम करत होता, त्याच रेस्टॉरंटमध्ये, आता मागच्या दाराने आणि हातात रोख. मालकाने पगार कमी केला, राहायला आपल्याच घराचं तळघर दिलं आणि त्याचं भाडं कापून घ्यायला लागला. हे मला तुकड्यातुकड्याने कळलं. तो नेहमी एकच वाक्य म्हणायचा, "पुढची खिडकी उघडू दे."

मग चैत्रात गावदेवीची जत्रा आली. घरात पाहुणे होते, माझ्या माहेरचेही. जेवणं चालली होती. सासऱ्यांनी पंगतीतच विचारलं, "पोराचा फोन नाय आयला आज. त्याच्या कागदाचा काय झायला? इतका येल लागतं?" त्यांचा हात छातीवर गेला होता. तशी त्यांना सवयच लागली होती ऑपरेशननंतर, पण सासूबाईंनी तो हात बघितला. वाढता वाढता त्या म्हणाल्या, "झायला त्याचा काम. कागद आयला. तुमाला सकाली सांगनार व्हती."

मी भाताचं पातेलं हातात घेऊन उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

सासरे ताटावरून उठले. उष्ट्या हाताने गावदेवीच्या दिशेने नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी पूर्ण आळीत पेढे वाटले, भाडेकरूंच्या खोल्याखोल्यांतून स्वतः जिने चढून फिरले. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, हे काय केलंत?" त्या म्हणाल्या, "तुजा सासरा जिवंत हाय. तेवडा बग."

नवऱ्याला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "राहू दे. तोवर होईलही काहीतरी." त्यानंतर सासऱ्यांशी बोलताना तोही तसंच बोलायला लागला. घर बघतोय, बाबा. थंडी कमी झाली की तुला फिरायला आणतो. सासरे जवळ फोन धरून ऐकायचे आणि "बरा बरा" म्हणायचे. ते उन्हाळ्याचे महिने आमच्या घरातले सगळ्यात आनंदाचे होते. मला त्या आनंदात जेवण जायचं नाही. बायका विचारायच्या, तू कधी जाणार? मी म्हणायचे, बघू, पोरीचं शाळेचं वर्ष पूर्ण होऊ दे. लॅबमध्येही बातमी पोचली होती. डॉक्टरांनी मला विचारलं, नोटीस पिरियड किती देणार.

आणि लोक यायला लागले. कुणाचा भाचा, कुणाचा जावई. तुमच्या पोराने कसं केलं, कुठला एजंट, कुठलं कॉलेज. सासरे वाशीच्या त्या ऑफिसचा पत्ता पाठ म्हणून दाखवायचे.

आमच्या समोरच्या घरात काकी राहतात. माझ्या सासूच्या वयाच्या नाहीत, दहाएक वर्षांनी लहान. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीने मुलाला वाढवलं. तो मुलगा रबाळ्याच्या एका कंपनीत लागला होता, कायम व्हायची शक्यता होती. माझी मुलगी तापाने फणफणली होती त्या दिवसांत हाच मुलगा आम्हाला बाइकवरून दवाखान्यात घेऊन गेला होता. एका दुपारी मी लॅबमधून आले तर काकी आमच्या दिवाणखान्यात बसलेल्या, सासऱ्यांसमोर. मुलाने कंपनी सोडायचं ठरवलं होतं. त्याच कन्सल्टंटकडे जाऊन आले होते. त्याच प्रांतात, त्याच कॉलेजात प्रवेश. त्यांच्या घराखालचा एकमेव गाळा विकायचा सौदा झाला होता.

"आमचा पोर जाईल तवा तुमचा हाय ना तिकडं," काकी म्हणाल्या. "मना टेन्शन नाय."

सासूबाई उठून आत गेल्या.

मी तेव्हा काही बोलले नाही. सासरे समोर होते. पण ती रात्र कशीतरी काढली आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी मी समोरच्या घरात गेले. काकी मासे साफ करत होत्या. मी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. कागद आला नाही. परमिट संपलं. तो तळघरात राहतो, लपून काम करतो. तिथे आता हॉटेलवाल्यांना घेत नाहीत, आणि पुढे कुणाला घेतील ते त्यांचं त्यांनाही माहीत नाही. गाळा विकू नका.

काकींनी हातातली सुरी खाली ठेवली नाही. म्हणाल्या, "मंग पेडे कया वाटले?"

"बाबांच्या तब्येतीसाठी आई खोटं बोलल्या."

"आनि तो फोनवर बोलतं ता? बाबा, घर बगतंय. मी माझ्या कानानी आयकला. तो पन खोटा?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अपेक्षित नव्हतं. त्या दुखावल्या होत्या, पण माझ्या नवऱ्यासाठी नाही. "तुमचा झायला," त्या म्हणाल्या, "आता आमचा नको व्हयाला. हाय ना? आमी काय तुमच्या घरावर जाऊन बसनार हाव थय?"

"काकी, मी शपथ घेऊ का?"

"नको. शपथ कया घेतस. जा तू, लॅबला उशीर व्हईल."

मी त्यांच्या मुलालाही गाठलं, रबाळ्याहून तो परत यायचा तेव्हा नाक्यावर. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "वहिनी, रूल बदलतात. परत पण बदलतील. मी काय हॉटेलमध्ये काम करणार नाय, मला मशीनचं काम येतं." त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

त्या मुलाला सोडायला अर्धी आळी एअरपोर्टवर गेली. सासरे पुढच्या गाडीत बसले होते. त्यांनी त्याच्या गळ्यात हार घातला.

माझ्या नवऱ्याने त्याला बसस्टॉपवर उतरवून घ्यायला जावं की नाही यावर तो आठवडाभर माझ्याशी बोलत होता. मी म्हटलं, "जा. गावचा पोर आहे. परक्या जागी उतरणार." तो गेला. त्याला स्वतःच्या तळघरात घेऊन आला, कारण दुसरीकडे नेण्यासारखी जागा नव्हती. पहिले दोन आठवडे ते दोघं एकाच गादीवर झोपले. त्या मुलाने सगळं बघितलं. मागचं दार बघितलं, मालक कसा बोलतो ते बघितलं, आणि माझ्या नवऱ्याने त्याला सांगितलेलं असणार, कुणाला बोलू नको. त्याने कॉलेजच्या होस्टेलवर जाईपर्यंत कळ काढली. मग आईला सांगितलं.

काकी आल्या तेव्हा रविवार होता, सकाळची दहाची वेळ. सासरे पेपर वाचत होते, मी मुलीचे केस विंचरत होते. त्या दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

"भावजी," त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "तुमच्या पोराला कागद नाय. तो थय चोरून रवतं."

सासरे हसले. "कोन बोलला तुला?"

"माजा पोर बोलला. त्याच्याबरोबर झोपलाय तो, एका गादीवर. तलघरात."

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, तिथे सासूबाई येऊन उभ्या होत्या. काकी रडायला लागल्या आणि रडता रडता म्हणाल्या, "माजा गाळा गेला. मी आता काय करू? त्याला परत बोलवू तरी कशी?" माझ्या मुलीने मला विचारलं, "मम्मी, पप्पा चोर आहे?"

सासऱ्यांनी पेपरची घडी घातली, टीपॉयवर ठेवली. म्हणाले, "फोन लाव."

मी लावला. तिकडे रात्र होती, त्याने लगेच उचलला. सासरे म्हणाले, "घरी ये. मी हाय. कोन काय बोलल ता मी बगतू. तू फकस्त ये."

"बाबा, थोडा टाइम दे."

"कनाला टाइम?"

"आता नवीन एक स्कीम येतेय. लहान गावांसाठी. ते गावच माणसं निवडतं. मी आता निघालो तर परत पाय ठेवता येणार नाय."

सासऱ्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि आतल्या खोलीत जाऊन झोपले. दिवसा झोपलेलं त्यांना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर ते ओट्यावर गेले नाहीत. कुणी हटकलं असतं असं नाही. गावात लोकांनी फार दिवस चर्चाही केली नाही, प्रत्येकाच्या घरात काहीतरी असतंच. पण त्यांनी स्वतःच्या जिभेने तो पत्ता वाटला होता आणि ते त्यांना सहन होत नव्हतं. काकींना गाळ्याच्या बदल्यात आमच्यातला एक गाळा द्यायला ते गेले होते. काकींनी घेतला नाही. सासूबाईंशी ते बोलायचे, पण फक्त लागेल तेवढं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, सासूबाई मला म्हणाल्या, हा मानूस मना पानी पन मागत नाय, उठून घेतं.

दिवाळीनंतर थंडी पडायला लागली तेव्हा एका पहाटे ते गेले. मीच आधी गेले त्यांच्या खोलीत. इतकी वर्षं मी रोज लोकांच्या मनगटाला हात लावते. हात लावताच मला कळलं, तरी मी नाडी शोधत राहिले, कारण सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

मी नवऱ्याला फोन केला. तो रडला, खूप रडला. मग विचारलं, "मी काय करू?"

मी म्हटलं, "ये."

"त्या स्कीमचं पुढच्या महिन्यात कळणार आहे."

मी त्याला समजावलं नाही. रागही आला नाही तेव्हा, तो नंतर आला. घर माणसांनी भरत होतं, बर्फाच्या लाद्या आणायच्या की नाही ते विचारायला माणसं माझ्याकडे येत होती. कुणी म्हणत होतं, मुलगा येईपर्यंत ठेवूया. मी सांगितलं, तो येणार नाही, ठेवू नका. अग्नी सासऱ्यांच्या पुतण्याने दिला. निघायच्या आधी दुसऱ्या एका नातेवाइकाने व्हिडिओ कॉल लावला, मुलाला शेवटचं दर्शन व्हावं म्हणून, आणि फोन तिरडीवर धरला. सासूबाई इतका वेळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या उठल्या आणि त्याच्या हातातून फोन काढून घेतला. "जिवंत बापाला बगाला आयला नाय," त्या म्हणाल्या, "आता काय बगतं?" आणि फोन बंद केला.

काकी त्या दिवशी आल्या होत्या. बायकांत बसल्या, माझ्या मुलीला त्यांनीच जेवायला घरी नेलं. माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्या नवीन योजनेत माझ्या नवऱ्याचं काही झालं नाही. ज्याच्याकडे चालू परवाना नाही, त्याचा अर्ज बघायचाच नाही असं होतं. हे त्याला आधीही कळू शकलं असतं. कदाचित कळलं असेलही. मला वाटतं, बापाच्या मरणाला न जाण्यासाठी त्याला काहीतरी कारण हवं होतं, कारण आला असता तर त्याला त्या घरात सगळ्यांसमोर रिकाम्या हाताने उभं राहावं लागलं असतं. हे माझं म्हणणं. त्याला मी कधी विचारलं नाही.

तीन-चार महिन्यांनी तो आला. मी एकटीच एअरपोर्टवर आणायला गेले. बाहेर आलेल्या माणसांत मी त्याला शोधत होते आणि तो माझ्या बाजूलाच येऊन उभा राहिला होता. केस पांढरे झाले होते आणि उजव्या हातावर कोपरापर्यंत तेलाने भाजल्याचे डाग होते. ते व्हिडिओत कधी दिसले नव्हते, तो फोन डाव्या हातात धरायचा आणि उजवा लांब ठेवायचा. गाडीत त्याने विचारलं, "आई काय बोलली?"

"काही नाही."

"येऊ नको म्हणाली?"

"काहीच नाही म्हणाली."

घरी आल्यावर तो सासूबाईंच्या पाया पडला. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, डोक्यावर हातही ठेवला नाही. तो उठला तेव्हा त्या भाजी निवडायला लागल्या. त्याचं ताट त्या वाढतात. त्याचे कपडे वाळत घालतात. त्याच्याशी बोलत मात्र नाहीत, आजपर्यंत नाहीत. तो बाहेरच्या खोलीत झोपतो, सासऱ्यांच्या खोलीत कुणी झोपत नाही. मुलगी आता तिसरीत आहे. ती त्याला 'तुम्ही' म्हणते, जसं पाहुण्याला म्हणतात. आमच्या गावात बापाला कुणी 'तुम्ही' म्हणत नाही. मी तिला सुधारायचा प्रयत्न केला तर ती म्हणाली, "लक्षात नाही राहत."

आम्हा दोघांत भांडण होत नाही. मला कधी कधी वाटतं, झालं असतं तर बरं. मी कामावरून येते, तो चहा करतो, चांगला करतो आता. आम्ही टीव्हीसमोर बसतो. तो महापेच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये लागला आहे. पहाटे जातो, दुपारी येतो. ओट्यासमोरून जायला नको म्हणून मागच्या गल्लीने जातो.

मागच्या आठवड्यात काकी आल्या. किती महिन्यांनी आमच्या दारात आल्या ते मला सांगता येणार नाही. त्यांना त्याच्याशी बोलायचं होतं. मुलाचं शिक्षण संपत आलं होतं. आता म्हणे त्याच्या कोर्सवर वर्क परमिट मिळेल की नाही त्याची खात्री नाही, प्रांताची यादी पुन्हा बदलली आहे, मशीनवाल्यांचं नाव खाली गेलं आहे.

माझा नवरा गॅलरीत त्यांच्यासमोर बसला. मला वाटलं, काहीतरी गोड बोलेल. तो म्हणाला, "काकी, त्याला बोलवून घ्या. आता, शिक्षण संपायच्या आत. नंतर तो येणार नाय."

"ता तू मना तवा सांगाला पायजे व्हता."

"हिने सांगितलं होतं ना तुम्हाला."

काकींनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "सांगलाता गो. मना खरा वाटला नाय." थोड्या थांबल्या. "तो म्हनतं, एक वर्स बगतू. एकच."

नवरा हातावरचे डाग चोळत बसला होता. काकींनी चहा घेतला नाही. मी त्यांच्यासोबत जिन्यापर्यंत गेले, त्या कठडा धरून सावकाश खाली उतरल्या, आणि मी परत आले तेव्हा सासूबाईंनी आतून विचारलं, "कोन आयला व्हता?"

माझा नवरा त्यांच्या दारापासून दोन हातांवर बसलेला होता. मी सांगेपर्यंत त्या थांबल्या.